अण्णांची भवानी

“इतिहास या गल्लीची नोंद घेतल्याशिवाय राहणार नाही!”

एवढं म्हणून अण्णा टिपणिसांनी उजवा हात वर केला. तो खाली यायच्या आत दुसऱ्या मजल्याच्या ग्रिलमधून आवाज आला, “अण्णा, टाकी वाहतेय! आधी पंप बंद करा!”

पंपाच्या खोलीची किल्ली सेक्रेटरीकडे असते आणि ‘सुमन-स्मृती’ सोसायटीचे सेक्रेटरी अण्णाच होते. दुसरं कोणी ते पद घ्यायला तयार नसल्यामुळे ते एकमतानं निवडून येत. इतिहासाला जिन्याखाली थांबवून अण्णा पंप बंद करून आले, तोवर सभेतली दोन माणसं निघून गेली होती. ती सभेला आलीच नव्हती, लिफ्टची वाट बघत होती, हे नंतर कळलं.

“तर मी काय म्हणत होतो...” अण्णा म्हणाले.

“इतिहास,” पहिल्या मजल्यावरच्या सुयोगनं आठवण करून दिली. तो कॉम्प्युटर कंपनीत होता आणि सभेतही एक कान फोनला देऊन बसे.

“हां. ही गल्ली एकेरी झालीच पाहिजे.”

गल्ली अंधेरीला, चार बंगल्याच्या आतल्या अंगाला होती. एका तोंडाला मोठा रस्ता, दुसऱ्या तोंडाला मैदान. मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी अण्णांची ‘सुमन-स्मृती’, मैदानाच्या तोंडाशी ‘नीलसागर’. दोन्ही कडांना गाड्या लावलेल्या असायच्या, त्यामुळे मधे उरायची ती एका गाडीपुरती वाट. गाड्या मात्र दोन्ही तोंडांनी शिरायच्या आणि बरोबर मधोमध समोरासमोर यायच्या. मग दोन्हीकडचे लोक इंजिन बंद करून एकमेकांकडे बघत बसत. एखादा खाली उतरून बाह्या सरसावी, पण गाडी मागे घेणं हा अंधेरीत कुळाला बट्टा समजला जात असल्यामुळे ती कोणीच घेत नसे. शेवटी कोणाच्या तरी ऑफिसची वेळ टळून जाई आणि त्याला घाई उरत नसे. तो मागे घेई.

“काका, आयडिया झकास आहे,” सुयोग म्हणाला. “पण नीलसागरवाले ऐकतील का? नाना सबनीस वाट लावतील आपली.”

“ॲम्ब्युलन्स अडकली तर काय करणार आहेत नाना?” अण्णा गरजले. “इथं माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे!”

सगळ्यांनी माना डोलावल्या. वर खिडकीत उभ्या असलेल्या कुंदाताई मात्र हसल्या. आपल्या नवऱ्याला ॲम्ब्युलन्सची काळजी नाही, गल्लीत रोज सकाळी अडकतो त्या माशाच्या टेम्पोची आहे, हे त्या बाईला पक्कं ठाऊक होतं.

हे नीट समजायला अण्णांचं एक दुखणं समजलं पाहिजे. अण्णांना आयुष्यात पहिला नंबर कधी मिळाला नव्हता. शाळेत ते दुसरे. विमा कंपनीत ज्या मुलाला त्यांनी फाइल लावायला शिकवली, तो साहेब होऊन त्यांच्या रजा मंजूर करू लागला. गल्लीच्या कॅरम स्पर्धेत ते दर वर्षी उपविजेते आणि दर वर्षी विजेते नाना सबनीस. फार कशाला, कुंदाताईंनीसुद्धा आधी नागपूरच्या एका इंजिनिअरला होकार दिला होता. त्याच्याकडून काही कळेना, तेव्हा अण्णांचा विचार झाला. ही हकिगत कुंदाताई अजूनही सांगत, मुख्यतः भाजी चिरताना.

अण्णा पहिले होते ते जगात एकाच ठिकाणी. वेसाव्याच्या कमळ कोळणीच्या पाटीपाशी.

कमळ पूर्वी डोक्यावर पाटी घेऊन चालत यायची. मग तिचे गुडघे गेले. तेव्हापासून तिचा जावई नंदू तिला आणि तिच्या माशांना तीनचाकी टेम्पोत घालून गल्ल्यागल्ल्यांतून फिरवी. मोठ्या रस्त्यावरून टेम्पो गल्लीत वळला की पहिलं फाटक सुमन-स्मृतीचं. तिथं अण्णा अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून, पिशवी घेऊन उभे. दिवसाची पहिली विक्री ती भवानी. भवानी ज्याच्या हातची चांगली, त्याच्यामागं दिवसभर गिऱ्हाईक लागतं, असं सगळ्याच कोळणी मानतात. कमळ अण्णांच्या हातची नोट घ्यायची, पाटीला लावायची, कपाळाला लावायची आणि डोळे मिटून एकवीरा आईचं नाव घ्यायची. तेवढ्या वेळात अण्णांची छाती जी फुगे, ती निवृत्त होताना शाल मिळाली तेव्हाही फुगली नव्हती.

भवानीच्या बाबतीत अण्णा फार कडक होते. सोमवारी घरात मासे शिजत नसत, तरी ते थोडी सुकट घेत.

“फ्रीजमध्ये सुकट इतकी झालीय की आपणच दुकान टाकू,” कुंदाताई म्हणत.

“अगं, तिच्या दिवसाचा प्रश्न आहे. माझा हात लागला नाही तर बिचारी पाटी घेऊन तशीच परत जाईल.”

“तुमच्या हाताला एवढं यश असतं तर कॅरममध्ये एकदा तरी दिसलं असतं.”

मोठी माणसं घरच्यांना कधी कळत नाहीत, असा चेहरा करून अण्णा बांगडे ओट्यावर ठेवत.

तर ही भवानी रोज उशिरा व्हायला लागली, कारण टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच अडकायचा. म्हणून गल्ली एकेरी हवी होती. माणसाच्या जिवाचा प्रश्न होता हे अण्णांचं म्हणणं अगदी खोटं नव्हतं. माणूस कोण, एवढंच त्यांनी सांगितलं नव्हतं.

एकेरीचं काम चंद्रप्रकाशनं अंगावर घेतलं. चंद्रप्रकाश हा भागातला भावी नगरसेवक होता. इतकी वर्षं भावी होता, की ‘भावी’ हे त्याचं आडनाव आहे असं कुरिअरवाले समजत. त्यानं वाहतूक खात्याच्या एका साहेबांना गल्ली दाखवायला आणलं. साहेब थकलेले आणि सज्जन होते. त्या दिवसात त्यांनी आधीच तीन गल्ल्यांची भांडणं ऐकलेली असावीत, असं त्यांच्या उभं राहण्यावरून वाटत होतं.

“माझा विरोध आहे,” नाना सबनीस म्हणाले.

“कशाला?” साहेबांनी विचारलं.

“तत्त्वाला.”

नाना उंच होते, अर्ध्या चड्डीत असत आणि त्यांच्या दोन पांढऱ्या गाड्या मैदानाच्या तोंडाशी हत्तींसारख्या उभ्या असत. नानांच्या तत्त्वावर बरीच चर्चा झाली. अण्णा असे काही बोलले, की सुयोगनं फोन खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, “ठीक आहे. प्रयोग म्हणून करून बघू. दिशा कुठली द्यायची?”

इथं अण्णांचा घात झाला, आणि तो त्यांचा त्यांनीच करून घेतला. जिंकायची सवय नसलेल्या माणसाला विजय झेपत नाही. तो एकदम उदार होतो.

“दिशेबद्दल आमचा काही आग्रह नाही, साहेब,” अण्णा छातीवर हात ठेवून म्हणाले. “आम्ही शिस्त मागतोय, सोय नाही.”

“मग मैदानाकडून आत, मोठ्या रस्त्याला बाहेर,” नाना चटकन म्हणाले. साहेबांनी तसं लिहून घेतलं.

वर खिडकीत कुंदाताईंनी कपाळावर हात मारला. अण्णांना तो दिसला नाही. त्यांना चंद्रप्रकाश हार घालत होता.

एकेरीच्या बाणाची पाटी लागली. तिच्याशेजारी चंद्रप्रकाशचा बॅनर लागला, त्यात बाणापेक्षा चंद्रप्रकाशचं नाक मोठं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा नेहमीसारखे पिशवी घेऊन फाटकात उभे राहिले. मोठ्या रस्त्यावरून कमळचा टेम्पो आला. अण्णांनी नोट काढली. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी हळू झाला, नंदूनं मान वाकडी करून पाटीकडे बघितलं आणि टेम्पो सरळ पुढे निघून गेला.

अण्णांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आलं, तेव्हा त्यांनी गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं. मैदानाला वळसा घालून टेम्पो तिकडून आत शिरला होता आणि नीलसागरच्या फाटकाशी थांबला होता. अर्ध्या चड्डीतले नाना बाहेर आले. त्यांनी पापलेटच्या डोळ्यावर बोट दाबलं, गाडीचा हॉर्न वाजवून बघावा तसं. मग खिशातून नोट काढली. कमळनं ती घेतली. पाटीला लावली. कपाळाला लावली.

अण्णांनी आपली नोट घडी करून परत खिशात ठेवली.

टेम्पो एकेक फाटक घेत सुमन-स्मृतीशी आला तेव्हा ऊन बरंच वर आलं होतं.

“काय घेताव, अण्णा? बांगडा हाय, मांदेली हाय. ताजा म्हावरा हाय.”

“भवानी झाली का?” अण्णांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“झाली ना. त्या उंच शेठनी केली.”

“नाना शेठ नाहीत. रिटायर आहेत.”

“आपल्याला काय? पयला आला तो पयला. सकालची लक्ष्मी कोन परत धाडतं?”

“हो, ते बरोबर आहे. पण हात कसा आहे त्यांचा? नाही, म्हणजे, हात बघून भवानी घ्यावी माणसानं.”

“कलेल ना सांजपावतर,” कमळ म्हणाली आणि मांदेली पिशवीत टाकून मोकळी झाली.

अण्णा दिवसभर अस्वस्थ होते. नानांचा हात वाईट निघावा अशी इच्छा करणं बरं नव्हे, हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी ती इच्छा उघडपणे केली नाही. जेवताना फक्त एवढंच म्हणाले, “आज उकाडा आहे. मासे राहायचे नाहीत.”

दुसऱ्या दिवशी कमळ आली ती हसतच. “काय सांगू, अण्णा! दुपारच्या आत पाटी रिकामी. जेवून आडवी झालंव मी काल.”

“वा,” अण्णा म्हणाले. हा शब्द त्यांनी इतक्या कष्टानं काढला, की कमळनं विचारलं, दात दुखतोय का.

कुंदाताईंना ही घालमेल बघवेना. “अहो, एवढं वाटतंय तर चालत जा की मैदानापर्यंत. टेम्पो आला की नानांच्या आधी घ्या. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे.”

“नानांच्या फाटकासमोर पिशवी घेऊन उभा राहू? मी?”

“नागपूरच्या मुलाकडून काही कळेना तेव्हा आमच्या फाटकासमोर उभे राहिलाच होतात की.”

तिसऱ्या दिवशी अण्णा गेले. जाताना कोणी बघत नाही ना याची खात्री करून, पिशवी घडी घालून सदऱ्याखाली धरून गेले. मैदानाच्या तोंडाशी नाना आधीच उभे होते.

“काय अण्णा, इकडे कुठे?”

“असाच. हवेवर.”

“आणि ही पिशवी? हवा भरून न्यायचीय घरी?”

अण्णांनी मैदानाकडे अशा काही नजरेनं बघितलं, की जणू तिथली हवा खरंच विकत मिळत होती. तेवढ्यात टेम्पो आला. नाना पुढे झाले. त्यांच्या दोन पांढऱ्या गाड्यांमधून अण्णा वाट काढेपर्यंत नोट कमळच्या कपाळाला लागलीसुद्धा.

“ओ अण्णा,” नाना हळू आवाजात, खरोखरच न कळून म्हणाले, “ही बाई माझी नोट रोज कपाळाला का लावते हो?”

अण्णांनी नानांकडे बघितलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी आपण सणवार, गावजत्रा, सख्ख्या मेहुण्याचं लग्न अर्धं टाकून धावत आलो, ते या माणसाला फुकट मिळालंय आणि मिळालंय हे माहीतसुद्धा नाही!

“खोटी आहे का ते बघत असेल,” ते म्हणाले आणि घरी आले.

त्या दिवसापासून अण्णांनी बाण उलटा करायचं ठरवलं. अडचण अशी, की खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. तेव्हा ते दुसरी कारणं शोधायला लागले. सकाळी मैदानाकडून येणाऱ्यांच्या डोळ्यांवर ऊन येतं. शाळेच्या बसला वळायला अवघड जातं. चंद्रप्रकाशच्या कार्यालयात बसून त्यांनी ही सगळी कारणं सांगितली. चंद्रप्रकाश ऐकता ऐकता दुसऱ्याच कोणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवत होता.

“अण्णा, यात जोर नाही,” तो म्हणाला. “उन्हावर बॅनर होत नाही.”

तेव्हा अण्णांच्या तोंडून ते वाक्य गेलं. “आणि गल्लीच्या मागं गणपतीचं देऊळ आहे. आता सगळ्या गाड्या देऊळ डाव्या हाताला ठेवून फिरतात. म्हणजे दिवसभर उलटी प्रदक्षिणाच की.”

चंद्रप्रकाशनं फोन खाली ठेवला. तो फोन खाली ठेवतो हे त्या कार्यालयात पहिल्यांदाच दिसलं.

“परत बोला, अण्णा.”

“नाही, मी आपलं सहज...”

“सहज नाही! हे फार मोठं आहे, अण्णा. अरे, पाणी आणा रे अण्णांना!”

दोन दिवसांत गल्लीच्या दोन्ही तोंडांना बॅनर लागले. ‘उलटी प्रदक्षिणा बंद करा!’ खाली चंद्रप्रकाश हात जोडून, आणि त्याच्या कोपराशी, पोस्टाच्या तिकिटाएवढे अण्णा. देवळाच्या पुजाऱ्यांना कोणीतरी विचारलं. ते म्हणाले, गाड्यांचं पेट्रोल देवाला चालतं की नाही हेच आधी बघावं लागेल. नाना सबनीसांनी प्रतिसभा घेतली. गाडीला प्रदक्षिणेचं पुण्यही नसतं आणि पापही नसतं, असा त्यांनी विज्ञाननिष्ठ ठराव केला आणि नारळ फोडून सभा सुरू केली असल्यामुळे तो नारळ सगळ्यांना वाटला. फोनवर बातम्या दाखवणारी एक मुलगी आली आणि अण्णांच्या तोंडासमोर माईक धरून म्हणाली, “काका, आपल्या भावना कितपत दुखावल्या आहेत?”

“बऱ्यापैकी,” अण्णा म्हणाले. त्यातलं खरं किती आणि खोटं किती हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

रात्री जेवताना कुंदाताई म्हणाल्या, “एका बांगड्यासाठी देवाला रस्त्यावर आणलंत.”

“बांगड्यासाठी नाही गं.”

“मला माहितीये कशासाठी.” त्यांनी भात वाढला. आवाज नेहमीसारखा टोचरा नव्हता. “मिळेल परत. एवढं जिवाला लावून घेऊ नका.”

आणि खरंच मिळायची वेळ आली. साहेब पुन्हा पाहणीला येणार असं कळलं. चंद्रप्रकाशनं अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं, “आपलं काम झालंय. साहेब कंटाळलेत. तुम्ही मूळ अर्जदार. तुम्ही फक्त म्हणायचं, बाण फिरवा. की फिरवला!”

पाहणीच्या दिवशी अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला. साहेब यायला अवकाश होता. कमळचा टेम्पो गल्ली उरकून सुमन-स्मृतीशी आला. नंदू चहा प्यायला कोपऱ्यावर गेला आणि कमळ टेम्पोच्या कडेला पाय खाली सोडून बसली. अण्णांना राहवलं नाही.

“कमळ, उद्यापासून परत पहिल्यासारखं होणार बरं का. टेम्पो इकडून शिरेल.”

“कनाला?”

“कशाला म्हणजे? पहिली माझ्याकडे येशील. भवानीला.”

कमळ पाटीतला बर्फ उगीच इकडचा तिकडे करत राहिली.

“का? तुला बरं नाही वाटलं?”

“तसा नाय, अण्णा.”

“मग खरं सांग. नानांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे?”

वेसाव्याची माणसं खोटं बोलत नाहीत असं नाही. गिऱ्हाइकाशी तर रोज बोलावं लागतं. पण अण्णा त्या वेळी गिऱ्हाइकासारखे दिसत नव्हते.

“चांगला हाय,” कमळ म्हणाली. “लय चांगला हाय. त्याचे हातची भवानी झाल्यापासून मी उन्हाच्या आधी घरी जातंय. गुडघ्याला शेक घेतंय. सांजचे परत फिरावा नाय लागत.”

“आणि माझ्या हातची होती तेव्हा?”

“तवा फिरायची. चार बंगल्याशी फिरायची, सात बंगल्याशी फिरायची. कवा कवा अर्धा म्हावरा सुकत घालायची.”

अण्णांच्या डोळ्यांपुढे फ्रीजमधली सगळी सुकट आली.

“मग इतकी वर्षं माझ्याकडनं भवानी घेतलीस तरी का?”

कमळनं त्यांच्याकडे बघितलं. या प्रश्नात अवघड काय आहे, हे तिला कळत नव्हतं.

“तुमचा दरवाजा पयला होता ना,” ती म्हणाली.

नंदू आला, टेम्पो गेला. अण्णा फाटकाच्या खांबाला धरून उभे राहिले. नंतर खूप वेळानं त्यांच्या लक्षात आलं, की आज आपले मासे घ्यायचे राहिले.

साहेब आले. चंद्रप्रकाश आला, त्याच्यामागं घोषणा देणारे आले. नाना लांबलचक भाषण पाठ करून आले होते, त्यांचे ओठ आधीपासूनच हलत होते. सुयोग फोन उभा धरून चित्रीकरण करत होता.

“बोला टिपणीस,” साहेब म्हणाले. “तुमचा शब्द शेवटचा. मला परत इथं यायचं नाही. बाण फिरवायचा ना?”

अण्णांनी गल्लीकडे बघितलं. दोन्ही कडांना गाड्या, मधे एका गाडीपुरती वाट. टोकाला नीलसागरचं फाटक. वर खिडकीत कुंदाताई उभ्या होत्या, त्यांनी मानेनंच ‘म्हणा’ अशी खूण केली.

“नको,” अण्णा म्हणाले.

“काय नको?”

“आहे ते बरं आहे. राहू दे.”

“अहो अण्णा!” चंद्रप्रकाश कानाशी येऊन म्हणाला, “भावनांचं काय? बॅनर छापलेत मी!”

“माझी भावना आता ठीक आहे.”

“आणि प्रदक्षिणा?”

“देव समजून घेईल. तो तसा उदार आहे. आपल्यासारखा नाही.”

साहेबांनी इतक्या घाईनं सही केली, की पेन कागदातून आरपार गेलं. नाना तोंड उघडं ठेवून उभे होते. विरोधक असा अचानक निघून गेल्यावर पाठ केलेल्या भाषणाचं करायचं काय, हे त्यांना सुचेना. शेवटी ते अण्णांजवळ आले.

“अण्णा, तुम्ही हरलात का जिंकलात? मला काही कळलं नाही.”

“मलाही नाही,” अण्णा म्हणाले. “तुम्ही एक करा. मासे रोज घेत जा. एकसुद्धा दिवस चुकवू नका.”

“सोमवारी आमच्यात खात नाहीत.”

“सुकट घ्या,” अण्णा म्हणाले आणि वर गेले.

नागपूरच्या इंजिनिअरचा विषय त्या दिवशी निघाला नाही, भाजी फरसबीची होती तरी.

दुसऱ्या दिवशी अण्णा सवयीनं लवकर उठले, अंघोळ केली आणि फाटकात न जाता वर्तमानपत्र घेऊन खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले. मैदानाच्या टोकाला टेम्पो थांबल्याचा आवाज आला. त्यांनी पान उलटलं.

कमळ आली तेव्हा पाटीत बर्फाचं पाणी आणि तळाशी दोनच बांगडे उरले होते. नंदू तिला उतरवून पुढच्या गल्लीतली उधारी आणायला गेला. पूर्वी पहिल्या फाटकाशी ती कधी टेम्पोतून उतरलीच नव्हती, पुढं सगळी गल्ली बाकी असायची. आता पुढं काही नव्हतं. ती एकेक पाऊल टाकत सावलीत आली आणि भिंतीला टेकून फरशीवर बसली. कुंदाताई चहाचा कप घेऊन खाली आल्या.

“संपलं का गं सगळं?”

“संपला, ताई. हे दोन तुमाला ठेवलेत.”

तिनं चहा बशीत ओतला. अण्णांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. बाण कोणी राहू दिला आणि का, हे तिला ठाऊक नव्हतं. सांगावं का? फार मोठं करून नाही, सहज बोलता बोलता. माणसानं काही सोडलं तर ते निदान एकाला तरी कळावं, एवढीच अपेक्षा. त्यांनी मनात वाक्य जुळवलं. इतिहास हा शब्द त्यात येणार नाही याची काळजी घेतली. घसा खाकरला.

कमळनं बशी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे टक लावून बघितलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं, हे उघड होतं.

“अण्णा...”

“बोल ना,” अण्णा खुर्चीत पुढे सरकले.

“ती कोनाची स्कूटर हाय, जरा पलीकडं घ्या ना. मना पाय पसरायचेत.”